ग्रंथालयातल्या जुन्या हवाई छायाचित्रांच्या जागा नकाशावर कशा मांडायच्या?

नऊ_बाय_नऊ

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या नकाशा-ग्रंथालयांत काम करणारे दोनतीन जण इथे आहेत आणि तेच ते प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत. म्हणून सगळं एका जागी.

विषय आहे तिथल्या कृषी खात्याच्या हवाई छायाचित्रांचा. १९३३ च्या कायद्यानंतर शेतकऱ्याने किती एकर पेरलं नि किती पडीक ठेवलं हे तपासायला ॲग्रिकल्चरल ॲडजस्टमेंट ॲडमिनिस्ट्रेशनने काउंटीमागून काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) विमानातून टिपून काढली. विस्कॉन्सिनचं पहिलं राज्यव्यापी चित्रण १९३७ ते १९४१ मधलं. त्याचे प्रिंट ग्रंथालयांत खोक्यांतून पडून आहेत. वाचक विचारतो, 'अमुक रस्त्यावरच्या शेताचा जुना फोटो आहे का?' आणि खोक्यावर लिहिलेलं असतं काउंटी, रोल (फिल्मचं रीळ) आणि फ्रेम (रिळातला एक फोटो). या दोहोंमधला दुवा म्हणजे जागांचा नकाशा.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: प्रत्येक फोटो जिओरेफरन्स करायला, म्हणजे त्याला नकाशाचे अक्षांश-रेखांश जोडायला, बसायचं नाही. फोटोचा मध्यबिंदू आणि त्याने झाकलेला चौकोन एवढं मिळालं की शोधाचं काम भागतं. जिओरेफरन्सिंग मागणी येईल तसं करता येतं.

गणित सोपं आहे. प्रमाण १:२०,०००, प्रिंट ९ × ९ इंच, म्हणजे जमिनीवर बाजू ४,५७२ मीटर. एकाच ओळीतल्या लागोपाठच्या फोटोंत ६० टक्के आच्छादन (तेवढा भाग दोन्हींत सारखा), म्हणून दोन मध्यबिंदूंमधलं अंतर साधारण १,८३० मीटर. शेजारच्या ओळींत ३० टक्के, म्हणून दोन ओळींमध्ये ३,२०० मीटर. २४ × २४ मैलांच्या काउंटीला १३ ओळी, ओळीत २४ फोटो, म्हणजे तीनशेच्या वर. सुरुवातीचे बरेच प्रिंट ७ × ९ इंचांचे आहेत. त्यात ७ इंचांची बाजू उड्डाणाच्या दिशेने असते, तेव्हा मध्यबिंदू दर १,४२० मीटरवर येतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पट्टी घेऊन प्रिंट मोजा, कॅटलॉगवर विसंबू नका.

कामाला हात घालायचा तो इंडेक्स शीटपासून. त्या काळी सगळे प्रिंट बोर्डावर एकावर एक सरकवून लावत आणि त्या जुळणीचाच फोटो काढून २० × २४ इंचांचं शीट बनवत, साधारण एका इंचाला एक मैल या प्रमाणात. ही शीट मिळाली तर निम्मं काम झालं.

१. शीट ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ४०० ला एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे ४ मीटर येतात, अचूकतेला तेवढे पुरतात. पण फ्रेमचे बारीक आकडे वाचता येत नाहीत आणि ३ नि ८ मध्ये घोळ होतो.

२. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये शीटमागे १५-२० नियंत्रणबिंदू (शीटवर आणि आजच्या नकाशात दोन्हीकडे ओळखता येतील अशा जागा) द्या. मध्यपश्चिमेकडच्या राज्यांत एकेक मैलाच्या सेक्शनची (सरकारी जमीनमोजणीतल्या चौरसांची) चौकट जमिनीवर रस्त्यांच्या रूपात दिसते, तिचे कोपरे सगळ्यांत चांगले. नदीची वळणं टाळा, ऐंशी वर्षांत नदी सरकते.

३. आधी पहिल्या दर्जाचं बहुपदी रूपांतर (अख्खं शीट एकदम सरकवणं, फिरवणं, ताणणं) लावून उरलेली चूक बघा. एखादा बिंदू इतरांपेक्षा फार लांब पडत असेल तर तोच चुकला आहे. तो सुधारा, मगच थिन प्लेट स्प्लाइन (शीट रबरासारखं जागोजागी ताणणारं रूपांतर). उलट क्रमाने केलंत तर फसाल, कारण स्प्लाइन प्रत्येक बिंदूतून तंतोतंत जातो. चूक शून्य दाखवतो आणि चुकीच्या बिंदूभोवतीचा नकाशा गुपचूप पिळून ठेवतो.

४. प्रत्येक फ्रेमचा मध्यबिंदू टिपा आणि सोबत रोल, फ्रेम, तारीख भरा.

चौथ्या पायरीवर बहुतेकांचा घात होतो. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

---

भिंगवाला

लिहितोच. 😀

इंडेक्स शीटवर प्रिंट एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे पूर्ण फोटो दिसतो तो फक्त सगळ्यांत वरचा. बाकीच्यांची एक पट्टी नि कोपऱ्यातला आकडा एवढंच दिसतं. भरणारा माणूस आकड्यावर टिचकी मारतो आणि तोच मध्यबिंदू म्हणून नोंदला जातो. आकडा असतो ईशान्येच्या कोपऱ्यात, म्हणजे खऱ्या मध्यापासून साधारण २.१ किलोमीटर पूर्वेला नि तेवढाच उत्तरेला. तिरकं अंतर तीन किलोमीटरच्या आसपास. ओळीतल्या फोटोंमधलं अंतर १.८ किलोमीटर, तेव्हा वाचकाला शेजारचा, नाहीतर पलीकडच्या ओळीतला फोटो मिळतो.

उपाय दोन. आकड्यावरच टिचकी मारा, ते पटापट होतं, पण मग सगळा थर (नकाशातले ते सगळे बिंदू) एकाच मापाने नैऋत्येकडे सरकवा. हे चालतं ते सगळे आकडे एकाच कोपऱ्यात असतील तरच. मधली एखादी ओळ पूर्व-पश्चिम उडवलेली असेल किंवा पुन्हा उडवताना कॅमेरा फिरलेला असेल तर आकडा दुसऱ्या कडेला जातो. म्हणून टेबलात 'आकड्याचा कोपरा' असा रकाना ठेवा आणि कोपऱ्याप्रमाणे वेगवेगळं सरकवा.

दुसरा उपाय जास्त भरवशाचा. प्रत्येक ओळीतला पहिला, शेवटचा आणि मधला दर पाचवा प्रिंट खोक्यातून काढून त्याचा मध्य थेट आधुनिक नकाशावर शोधायचा आणि मधले फोटो समान अंतराने बसवायचे. मध्य कसा काढायचा: प्रिंटच्या चारही कडांच्या मधोमध बारीक खुणा असतात, समोरासमोरच्या खुणा जोडल्या की छेदतात तो मध्य. कडा कापलेला प्रिंट असेल तर कर्णांचा छेद घेऊ नका, कारण कापताना चारही बाजू सारख्या कापल्या जात नाहीत.

समान अंतराने बसवल्यावर तपासणी हवीच. लागोपाठच्या दोन मध्यबिंदूंत २.५ किलोमीटरपेक्षा जास्त किंवा १.२ पेक्षा कमी अंतर आलं (७ × ९ ला २ आणि ०.९) तर ती जोडी लाल करा. तिथे एकतर फ्रेम गाळलेली असते किंवा ढगामुळे तो तुकडा नंतर वेगळ्या रोलवर पुन्हा उडवलेला असतो.

---

कपाट_क्रमांक

उत्तम धागा. नोंदींच्या बाजूने थोडी भर.

प्रिंटच्या एका कोपऱ्यात तारीख असते, दुसऱ्यात तीन भागांचा क्रमांक: काउंटीचं अक्षरचिन्ह, रोल, फ्रेम. हे तीन भाग तीन रकान्यांतच भरा. एकत्र भरून एक्सेलमध्ये उघडलं नि कुणी रोल-फ्रेम म्हणून '३-१२' लिहिलं, की संगणकाच्या सेटिंगप्रमाणे त्याचा १२ मार्च होतो नाहीतर ३ डिसेंबर. सेव्ह झाल्यावर मूळ आकडा परत येत नाही. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये आणताना सगळे रकाने मजकूर म्हणून आणा, नाहीतर '०४५' मधलं पहिलं शून्यही जातं.

तारीख अमेरिकन पद्धतीची, म्हणजे ८-७-३८ हा ७ ऑगस्ट. आपल्याकडच्या माणसाचा हात इथे हमखास चुकतो. रोलच्या आकड्यापुढे एखादं अक्षर असेल तर तेही जपून उतरवा, नंतरच्या फेऱ्यांतले रोल त्यावरूनच वेगळे ओळखतात. ते गाळलं तर १९३८ चा रोल ३ आणि १९५० च्या दशकातला रोल ३ एकाच नावाखाली येतात.

इंडेक्स शीटवरची तारीख फोटोला लावू नका. एका काउंटीचं उड्डाण महिनोन्‌महिने चालायचं, कधी पुढच्या हंगामात जायचं. तारीख प्रिंटवरची घ्यायची; ती नसेल तर त्याच रोलमधल्या आधीच्या नि नंतरच्या फ्रेमच्या तारखा बघून 'अंदाजे' अशी खूण करायची.

आणि दोन रकाने हवेतच: 'कशावरून' (इंडेक्सवरून, थेट प्रिंटवरून, मधलं अंतर भागून) आणि 'किती मीटर इकडेतिकडे'. हे नसेल तर पाच वर्षांनी कुठला बिंदू भरवशाचा आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

प्रिंटवर मेणपेन्सिलीने शेतांच्या सीमा आखलेल्या आणि एकर लिहिलेले असतात. ते पुसायचं नाही! ती त्या वेळच्या तपासनिसांची नोंद आहे. मागच्या बाजूचे शिक्केही स्कॅन करा.

---

उभा_आडवा

कपाट_क्रमांक, '± किती मीटर' मध्ये लोक उत्साहाने ५ किंवा १० लिहितात, म्हणून एक आकडेमोड. ८.२५ इंच फोकल लांबीच्या कॅमेऱ्याने १:२०,००० मिळवायला विमान जमिनीपासून १३,७५० फुटांवर हवं, म्हणजे ४,१९० मीटर. कॅमेरा तीन अंश कलला तर विमानाच्या बरोबर खालचा बिंदू आणि फोटोचा मध्य यांत २२० मीटरचा फरक पडतो. त्यामुळे तुम्ही नोंदताय तो फोटोचा मध्य की विमानाची जागा, हे आधी ठरवा. शोधासाठी फोटोचा मध्यच घ्यायचा. भागून बसवलेल्या बिंदूला ±२०० ते ३०० मीटर लिहिणं प्रामाणिक.

डोंगराळ भागात चौकोनाचा आकारही बदलतो. विमान एकाच उंचीवर, पण खालची जमीन ६०० मीटर वर आली की प्रमाण सुमारे १:१७,१०० होतं आणि बाजू ४,५७२ ची ३,९०० मीटर होते. सगळीकडे एकाच मापाचे चौकोन टाकले तर डोंगरावर ६० टक्के आच्छादन दिसतं, पण खरं तेवढं नसतं.

सपाट राज्यात प्रमाण तपासायची सोपी युक्ती: दोन सेक्शन-रस्त्यांमधला एक मैल प्रिंटवर ३.१७ इंच यायला हवा. ३.३ आला तर प्रमाण १:१९,२००.

चौकोन बनवायला क्यूजीआयएसमध्ये बिंदूपासून आयत करणारं तयार साधन आहे, रुंदी, उंची आणि कोन रकान्यातून घेतं. थर मीटरवाल्या प्रक्षेपणात असला पाहिजे, अक्षांश-रेखांशात चालवलं तर ४,५७२ अंशांचा आयत मागितल्यासारखं होतं. विस्कॉन्सिनमधून ९०° पश्चिम रेखांश जातो, म्हणजे राज्य यूटीएम या जगभरच्या मीटरवाल्या प्रक्षेपणाच्या १५ आणि १६ अशा दोन पट्ट्यांत फाटतं. तिथे राज्याचं स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रक्षेपण वापरा, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३०७१.

---

भिंगवाला

+१. जुन्या टोपोशीटवरून बिंदू घेत असाल तर तिचा डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) एनएडी २७ असतो, तेही सॉफ्टवेअरला सांगा.

---

खटपट्या

एवढं हाताने कशाला? सगळे स्कॅन एखाद्या फोटोग्रामेट्री (फोटो एकमेकांशी जुळवून मोजमाप काढणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये टाका, कॅमेऱ्यांच्या जागा आपोआप मिळतात की.

---

नऊ_बाय_नऊ

मिळतात, पण दोन अटी आहेत खटपट्याभाऊ.

एक, ओळ सलग हवी. ६० टक्के आच्छादनात एक फोटो गहाळ झाला तर त्याच्या दोन्हीकडच्या फोटोंत जेमतेम २० टक्के उरतं, दोन गहाळ झाले तर काहीच नाही आणि ओळ तिथे तुटते. ग्रंथालयांतले संच बहुतेक असेच विरळ असतात, कारण मागे कुणीतरी 'एक सोडून एक' घेतलेले असतात.

दुसरं, काळ्या कडा, खुणा आणि आकडे मास्क केल्याशिवाय (झाकल्याशिवाय) चालवू नका. त्या प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात, सॉफ्टवेअर त्याच जुळवतं आणि सगळे कॅमेरे एकाच ठिकाणी थप्पी लावल्यासारखे येऊन बसतात. स्कॅन सगळे एकाच दिशेने, न कापता, ६०० डीपीआयला. एक पिक्सेल ८५ सेंटिमीटरचा पडतो, ८ बिट करड्या टिफचं वजन २९ एमबीच्या आसपास. प्रतिमा 'सरळ' करण्याचा स्कॅनरचा पर्याय बंद ठेवा.

आजच्या उपग्रह प्रतिमेशी आपोआप जुळणी करायचा मोह होतो. शेतांची मापं बदलली, झाडी वाढली, गावं पसरली, त्यामुळे जुळणारे बिंदू कमी नि खोटे जास्त. त्यापेक्षा फोटो इंडेक्स शीटशी जुळवा. तोच फोटो तिथे साधारण सव्वातीन पट लहान होऊन बसलेला असतो, सावल्यासुद्धा त्याच.

---

गाळलेली_फ्रेम

ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा सुट्या प्रिंटांचं काय? आमच्याकडे असा एक खोका आहे.

---

भिंगवाला

आधी दिशा ठरवा. त्या अक्षांशांवर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, सकाळी वायव्येकडे. उड्डाणं भर दिवसा व्हायची, त्यामुळे झाडांच्या नि कोठारांच्या सावल्यांवरून वरची बाजू कळते. मग सेक्शनची चौकट बघा: ९ इंचांत पावणेतीन मैल बसतात. जमीन चौकटीला जुमानत नाही अशी जागा शोधा. रेल्वेचं वळण, तळ्याचा काठ, तिरका राज्यरस्ता. रेल्वे सगळ्यांत चांगली, रूळ उखडले तरी तिची वक्ररेषा शेतांच्या बांधांत शिल्लक राहते.

त्याआधी एक सोपा प्रयोग. खोक्यातलेच प्रिंट आपापसात जुळतात का बघा. दोन जुळले की दोनांचा प्रश्न एक होतो.

नाहीच सापडला तर काउंटीच्या मध्यावर बिंदू टाकून मोकळं होऊ नका. तसे वीसपंचवीस बिंदू एकावर एक साचतात आणि वाचकाला वाटतं तिथे खरंच पंचवीस फोटो आहेत. जागा रिकामी ठेवा.

---

सातबारा

वाचनखूण साठवली. सावलीची युक्ती महाराष्ट्रात चालेल का? आणि आपल्याकडच्या अशा जुन्या फोटोंचं काय? उजनीखाली गेलेल्या गावांसाठी विचारतोय.

---

उभा_आडवा

सावली: जपून. मुंबई १९° वर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेकडे पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या प्रतिमेला युक्ती बिनधोक.

फोटो: सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी हवाई छायाचित्रं अमेरिकेतल्यासारखी ग्रंथालयाच्या खोक्यांत खुली मिळत नाहीत. त्याऐवजी कोरोना या अमेरिकन हेर-उपग्रहांच्या फिल्मकडे वळा. १९६० ते १९७२ मधल्या या हेरगिरीच्या प्रतिमा १९९५ च्या आदेशाने खुल्या झाल्या. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर 'डिक्लासिफाइड डेटा' खाली शोधा. स्कॅन झालेल्या फुकट, न झालेल्या फ्रेमला ३० डॉलर. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, म्हणजे १९६७ ते १९७२ च्या केएच-४बी या कोरोना कॅमेऱ्याच्या मोहिमांत भीमेचं खोरं कोरडं दिसतं, साधारण १.८ मीटर तपशिलाने. कोयनेला ही सोय नाही. तिथे पाणी आधीच अडलेलं आणि त्यापूर्वीच्या कोरोना कॅमेऱ्यांचा तपशील साडेसात मीटर किंवा त्याहून भरड.

क्रमांक वाचायची रीत: डीएस११०५-१०२५डीएफ०५२. डीएस नंतर मोहीम ११०५-१, मग फेरी ०२५, डी म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना, एफ म्हणजे पुढे बघणारा कॅमेरा (ए असेल तर मागे बघणारा), शेवटी फ्रेम ०५२.

इथेही जागेचाच घोळ आहे. एक फ्रेम जेमतेम १६ किलोमीटर रुंद आणि दोनशेच्या आसपास लांब, आणि यूएसजीएसने दिलेले चार कोपरे कक्षेवरून काढलेले असल्याने काही किलोमीटर सरकलेले असू शकतात. १६ किलोमीटरच्या पट्टीत तेवढा फरक म्हणजे हवं ते गाव शेजारच्या फ्रेममध्ये. म्हणून मागवण्यापूर्वी ब्राउझ चित्रावर (संकेतस्थळावरच्या लहान नमुना-चित्रावर) नदीचं वळण ओळखून घ्या आणि दोन्हीकडची फ्रेमही बघा. चित्र फिरत्या कॅमेऱ्याचं आहे, टोकांकडे जमीन ताणली जाते. एका आयतात बसवायच्या भानगडीत पडू नका. स्कॅन चार तुकड्यांत येतो, हवा तेवढा तुकडा स्वतंत्र बसवा.

---

सातबारा

दंडवत! नियंत्रणबिंदू कुठले घेऊ? आजच्या नकाशात तर सगळं पाणी.

---

नऊ_बाय_नऊ

जलाशयाच्या कमाल पातळीच्या वरचे ओढ्यांचे संगम, टेकड्यांची टोकं, पाण्याबाहेर राहिलेली जुनी देवळं. गावाच्या नावावर मात्र जाऊ नका. उठलेली गावं त्याच नावाने दुसरीकडे वसली, आजच्या नकाशातला बिंदू नव्या गावठाणाचा असतो. जुन्या जागेसाठी अमेरिकेच्या आर्मी मॅप सर्व्हिसची यू५०२ मालिका बघा, १:२,५०,००० ची. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहे. तिच्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे १२५ मीटर, तेव्हा गाव शोधायला वापरा, नियंत्रणबिंदूला नको.

---

खटपट्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

कपाट_क्रमांक

एक राहिलं: तयार नकाशा वाचकापर्यंत कसा जाणार. ग्रंथालयांत सध्या ओपनइंडेक्समॅप्स नावाचा जिओजेसनचा (नकाशातल्या जागा लिहायच्या मजकूर-फाइलचा) साचा चालतो आणि जिओब्लॅकलाइट हे ग्रंथालयांचं नकाशा-शोध सॉफ्टवेअर तो थेट दाखवतं. त्यात 'अव्हेलेबल' असा हो/नाही रकाना आहे. इंडेक्स शीटवर फ्रेम आहे, पण खोक्यात प्रिंट नाही, अशी नोंद गाळू नका, 'नाही' भरा. चौकोन वेगळ्या रंगात दिसतो आणि वाचकाला कळतं की हा फोटो काढला गेला होता, दुसऱ्या ग्रंथालयात किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॉलेज पार्कच्या संग्रहात शोधावा.

जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. मॅडिसन आहे ४३ उत्तर, ८९ पश्चिम. उलटं भरलं तर सगळी काउंटी अंटार्क्टिकात जाते, ते लगेच दिसतं. वजा चिन्ह गळलं तर मात्र ती चीनमध्ये तुर्पानजवळ पडते, आणि नकाशा आधीच विस्कॉन्सिनवर झूम करून ठेवलेला असेल तर थर नुसता रिकामा दिसतो नि लोक दोन तास सर्व्हर तपासत बसतात. आधी 'थरावर झूम करा' दाबून बघायचं.

---

गाळलेली_फ्रेम

तिरप्या फोटोंना काय करता? चौकोन बसत नाही.

---

भिंगवाला

क्षितिज दिसत असेल तर झाकलेल्या भागाला शेवटच नसतो, तेव्हा बहुभुज काढूच नका. तीन गोष्टी नोंदवा: विमान अंदाजे कुठे होतं, कुठल्या दिशेला बघत होतं, आणि फोटोच्या मधोमध काय आहे. शोध तिसऱ्यावर चालवा. क्षितिज दिसत नसेल तर समलंब चौकोन काढता येतो, चार कोपरे हाताने शोधून. लांबची बाजू रुंद येते, जवळची अरुंद. उलटं आलं तर कोपऱ्यांचा क्रम चुकलाय.